जॉन फ्रॉस्टची खरी लढाई कोणती, अर्न्हेम की उदना?

पलटणवाला (धागाकर्ता)

ब्रिटिश पॅराट्रूपर म्हटलं की बहुतेकांना एकच नाव आठवतं, लेफ्टनंट कर्नल जॉन फ्रॉस्ट, आणि एकच जागा, अर्न्हेमचा पूल. सप्टेंबर १९४४, हॉलंड, ऱ्हाईनचा उत्तर काठ, सातशेच्या वर माणसं आणि समोर एसएसचे, म्हणजे नाझी पक्षाच्या स्वतःच्या सैन्याचे, रणगाडे. दक्षिणेकडून आपले रणगाडे येईपर्यंत पूल धरून ठेवायचा होता. त्यावर मोठा सिनेमा निघाला, अँथनी हॉपकिन्सने फ्रॉस्टचं काम केलं, आणि लोकांच्या डोक्यात तेवढाच फ्रॉस्ट राहिला.

मला हे खटकतं. अर्न्हेमला त्याने जे केलं त्याबद्दल प्रश्नच नाही, पण कमांडर म्हणून तो कळायचा असेल तर दोन वर्षं मागे ट्युनिशियात जायला हवं. २९ नोव्हेंबर १९४२. त्याची सेकंड पॅरा बटालियन, पाचशेच्या वर माणसं, ४४ डकोटा विमानांतून देपियेन नावाच्या गावाजवळ उतरली. काम काय, तर शत्रूच्या विमानतळांवर धाड घालायची आणि मग पश्चिमेकडून येणाऱ्या आपल्या चिलखती तुकडीला जाऊन मिळायचं. उतरायची जागा आधी कोणी पाहिलेली नव्हती, पहिल्या विमानातून खाली बघून स्वतः फ्रॉस्टने ठरवली. मध्यरात्री निघाले, जड सामान ओढायला गावातल्या खेचरगाड्या घेतल्या, डोंगरातून चालत दुसऱ्या दिवशी दुपारी उदनाच्या विमानतळावर पोचले आणि तिथे एकही विमान नव्हतं. जर्मन कधीच निघून गेले होते. पाठोपाठ रणगाडे आले, वरून विमानं आली. टेकडीवर मागे सरकले तर रेडिओवर निरोप आला की ती चिलखती तुकडी येत नाहीये, बेत पुढे ढकललाय.

म्हणजे शत्रूच्या मुलखात ५० मैल आत, पायी, गोळ्या संपत आलेल्या, पाणी नाही आणि घ्यायला कोणी येणार नाही. जखमींना डॉक्टरांबरोबर मागे ठेवायचा निर्णय घ्यावा लागला, रिकाम्या मॉर्टर आणि रेडिओ फोडून टाकावे लागले. ३ डिसेंबरला मेजेझ अल बाबला आपल्या ओळीत परत पोचले तेव्हा बरोबर १८० च्या आसपास माणसं होती. १६ अधिकारी आणि २५० जवान गमावले, तेही एका अशा कामासाठी ज्याचा काडीचा उपयोग झाला नाही.

त्याला डीएसओ (ब्रिटिश अधिकाऱ्यांचं शौर्यपदक) मिळाला तो याबद्दल. माझं मत असं की अर्न्हेमला जागा धरून ठेवायची होती, तिथे शौर्य लागतं, पण उदनाला सगळं फसलेलं असताना बटालियन नावाची गोष्ट शिल्लक ठेवायची होती आणि ते जास्त अवघड. तुम्हाला काय वाटतं?

आणि एक, हा माणूस जन्मला आपल्या पुण्यात, ३१ डिसेंबर १९१२ ला. वडील इंडियन आर्मीत अधिकारी होते.

मुळामुठा

पुण्यात?? आयुष्य गेलं इथे, कधी ऐकलं नव्हतं. कॅम्पातला का?

पलटणवाला

@मुळामुठा लष्करी कुटुंब होतं एवढं नक्की, घर कुठलं ते नका विचारू. शिक्षण इंग्लंडमध्ये, सॅन्डहर्स्टहून १९३२ ला कॅमेरोनियन्स या स्कॉटिश पलटणीत कमिशन. मग पॅलेस्टाईन, मग इराक लेव्हीज, म्हणजे तिथल्या स्थानिक माणसांतून ब्रिटिशांनी उभी केलेली फौज.

चाफा

मस्त धागा, पण ब्रुनेव्हाल कुठे गेलं हो? मी त्याचीच वाट बघत वाचत होते. माझ्या मते फ्रॉस्टची सगळ्यात नीट पार पडलेली लढाई तीच, २७-२८ फेब्रुवारी १९४२ ची रात्र. फ्रान्सच्या किनाऱ्यावर कड्याच्या टोकाला जर्मनांचं वुर्झबर्ग रडार होतं आणि ब्रिटिशांना ते फोडायचं नव्हतं, उचलून घरी न्यायचं होतं, म्हणजे शास्त्रज्ञांना त्याचं पोट उघडून बघता यावं. १२० माणसं, कमांडर मेजर फ्रॉस्ट. बरोबर फ्लाइट सार्जंट कॉक्स नावाचा रडारवाला, जो युद्धाआधी सिनेमाच्या थिएटरात प्रोजेक्टर चालवायचा.

मला त्यातली आवडती गोष्ट म्हणजे निघण्याआधी थंडी म्हणून सगळ्यांनी पोटभर चहा ढोसला होता, दोन तास विमानात अंग चोरून बसले, आणि फ्रान्सच्या बर्फात उतरल्यावर पहिलं काम काय केलं असेल तर लघवी. फ्रॉस्टने स्वतः सांगितलंय हे. मग शांतपणे गोळा झाले, त्या घराला वेढा घातला आणि फ्रॉस्टने शिट्टी वाजवली.

यंत्राचे भाग अंधारात टॉर्चच्या उजेडात सुटे केले, काही सरळ पहारीने उपटले, आणि ढकलगाडीवर घालून कड्यावरून खाली समुद्राकडे नेले. खाली पोचले तर न्यायला येणाऱ्या बोटी नाहीत! जवळून जर्मन जहाजं चालली होती म्हणून त्या लांब थांबलेल्या. शेवटी आल्या. दोन जण गेले, सहा मागे राहून पकडले गेले. फ्रॉस्टला मिलिटरी क्रॉस, कॉक्सला मिलिटरी मेडल. पॅराशूट रेजिमेंटचा पहिला बॅटल ऑनर (पलटणीला लढाईबद्दल मिळणारा मान) हाच.

त्यामुळे माझं मत उदना पण नाही, अर्न्हेम पण नाही :)

शंकासुर

हे कोणाच्या लक्षात आलं का, तिन्ही ठिकाणी एकच गोष्ट. न्यायला कोणीतरी येणार होतं आणि वेळेवर आलं नाही. ब्रुनेव्हालला उशिरा आले, उदनाला आलेच नाहीत, अर्न्हेमला १७ किलोमीटरवर येऊन थांबले. फाट्यावर उभं राहून शेवटच्या एसटीची वाट बघत राहावं तसं याचं अख्खं युद्ध गेलं.

मरून बेरे

शंकासुर, नेमकं बोललात. पॅराट्रूपरचं आयुष्यच लिंकअपवर, म्हणजे जमिनीवरून आपली माणसं येऊन मिळण्यावर, असतं. मी आपल्या सैन्यात पॅरामध्ये होतो, आता गावी शेती करतो, म्हणून थोडं लिहितो.

बाहेरच्यांना वाटतं की उडी मारणं अवघड. उडी तर जंप मास्टरच्या हाकेबरोबर पाय आपोआप मारतात. अवघड असतं ते उतरल्यानंतरचं पहिलं अर्ध्या तासाचं काम. अंधार, छत्री गोळा करायची, हार्नेस सोडायचा, आपली स्टिक (एका विमानातून उडी मारलेली तुकडी) कुठे पांगली कळत नाही, कोणाचा घोटा गेलाय, कंटेनर भलतीकडे पडलाय, आणि आवाज करायचा नाही. आरव्हीला (गोळा व्हायच्या ठरलेल्या जागी) पोचून मोजदाद केली की तेव्हा कळतं हातात किती माणसं आहेत. तोपर्यंत कर्नल सुद्धा एकटाच असतो, एक पिस्तूल असलेला माणूस.

म्हणून फ्रॉस्टच्या त्या शिंगाला मी फार मानतो. धागाकर्त्यांनी लिहिलं नाही म्हणून सांगतो. इराकमध्ये असताना तिथले ब्रिटिश अधिकारी शिकारी कुत्री पाळून कोल्ह्यांच्या मागे घोड्यावर जायचे, रॉयल एक्झोडस हंट नाव होतं, फ्रॉस्ट त्याचा मास्टर. निघताना त्यांनी त्याला तांब्याचं शिकारीचं शिंग भेट दिलं. ते त्याने पुढे लढाईत वापरलं, पांगलेली बटालियन गोळा करायला. उदनाहून परतताना एका शेतवाडीत वेढा पडला, अंधारात फुटून बाहेर पडायचं होतं, तेव्हा त्या शिंगाच्या आवाजावर माणसं गोळा झाली. रेडिओ बंद पडेल, शिंगाला बॅटरी लागत नाही.

धागाकर्त्यांशी सहमत. उदना.

आडवाट

माझा थोडा वेगळा सूर. कोणाला दुखवायचं नाही पण विचारतो. १९४२ मध्ये हे ब्रुनेव्हाल चाललं होतं, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गवालिया टँकवर चले जाव झालं, पुढच्या वर्षी साताऱ्यात प्रतिसरकार उभं राहिलं, आणि गोळ्या घालणारं सैन्य याच साम्राज्याचं. पॅलेस्टाईनमध्ये अरबांचा उठाव चिरडायला पण हेच गेले. पुण्यात जन्मला म्हणून तो आपला कसा होतो? आपल्या माणगाव तालुक्यातला यशवंत घाडगे इटलीत १० जुलै १९४४ ला एकटा मशीनगनवर चालून गेला, व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला मरणोत्तर, त्याच्यावर किती धागे निघाले इथे?

चाफा

@आडवाट घाडगेंवर धागा निघायलाच हवा, तुम्ही काढा, मी पहिली येईन. पण एकाचं वाचलं म्हणून दुसऱ्याचं कमी होत नाही ना.

पलटणवाला

आडवाट, तुमचा मुद्दा मी बाजूला सारत नाही. साम्राज्याचा हिशेब वेगळा आहे आणि तो पूर्ण मांडला पाहिजे. पण फ्रॉस्टमध्ये मला रस आहे तो चांगला इंग्रज म्हणून नाही, तर वरून आलेली वाईट योजना हातात पडल्यावर खालचा माणूस काय करतो यासाठी. हा प्रश्न कुठल्याही सैन्याचा आहे, आपल्याही. आणि उदनाची योजना करणारे त्याचेच इंग्रज वरिष्ठ होते, त्यांना त्याने नंतर अजिबात सोडलं नाही.

आडवाट

ठीक. हे कारण पटलं. घाडगे आणि नामदेव जाधव (त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस) दोघांवर मिळून लिहितो, थोडा वेळ द्या.

डेल्फ्टकर

मी हॉलंडमध्येच राहतो त्यामुळे अर्न्हेमच्या बाजूने बोलणं माझं कर्तव्य आहे. पुलावर जाऊन आलोय बऱ्याचदा. आज जो उभा आहे तो तोच पूल नाही, लढाईनंतर काही दिवसांनी मित्रराष्ट्रांच्याच विमानांनी तो पाडला आणि युद्धानंतर त्याच जागी तसाच परत बांधला. नाव जॉन फ्रॉस्टब्रुग. फ्रॉस्ट जिवंत असतानाच दिलं आणि त्याला स्वतःला ते फारसं पसंत नव्हतं.

पुलाच्या उत्तर टोकाला उभं राहिलं की एक गोष्ट अंगावर येते, जागा किती लहान आहे. पुलाचा रॅम्प शहरात उतरतो, दोन्ही बाजूंना घरं, आणि एवढ्या तुकड्यात त्यांनी १७ च्या संध्याकाळपासून २१ च्या सकाळपर्यंत तग धरला. नकाशावर हे कळत नाही. रॅम्पच्या एका बाजूच्या घरातून दुसऱ्या बाजूला ओरडून बोलता येईल. म्हणून त्यांची ती आरोळी चालायची, वाहो मोहम्मद! ट्युनिशियात गावकऱ्यांच्या तोंडून ऐकलेली, ती फर्स्ट पॅरा ब्रिगेडने उचलली आणि अर्न्हेमला घराघरातून द्यायचे, कोण जिवंत आहे ते कळायला सुद्धा उपयोगी. जर्मन कधी तशी आरोळी देणार नाही. म्हणजे बघा, पलटणवाला, तुमचं उदना अर्न्हेमच्या पुलावर आलंच होतं.

१८ तारखेची सकाळ सांगतो. एसएसचा ग्रेबनर नावाचा अधिकारी आपल्या टेहळणी बटालियनच्या चिलखती गाड्या घेऊन दक्षिणेकडून पुलावरून सुसाट आला. पहिल्या काही गाड्या निघून गेल्या, मग सहा पौंडी तोफा आणि पिआट (खांद्यावरून डागायचं रणगाडाविरोधी हत्यार) सुरू झाले आणि मागच्या गाड्या एकमेकींवर आदळून रॅम्पवर पेटल्या. डझनभर गाड्या गेल्या, ग्रेबनर मेला. हे सगळं बघायला वरच्या मजल्यावरच्या खिडक्या, बाकी काही नाही. ना खंदक ना बंकर.

माझं मत सरळ आहे. ब्रिगेडचं काम एका बटालियनवर आलं, ठरलेल्या मुदतीच्या दुप्पट टिकले. अर्न्हेम.

मुळामुठा

छत्रीवाला पण इथलाच ना? मेजर कोणीतरी छत्री घेऊन लढला होता म्हणे?

डेल्फ्टकर

हो, डिग्बी टेथम-वॉर्टर, फ्रॉस्टचा ए कंपनी कमांडर, पुलावर पहिला पोचलेला. त्याला परवलीचे शब्द लक्षात राहायचे नाहीत, म्हणून छत्री, की बाबा एवढं बघून तरी मी इंग्रज आहे हे कळेल. त्या छत्रीचं टोक एका चिलखती गाडीच्या ड्रायव्हरच्या फटीतून आत खुपसून गाडी थांबवली. पाद्री फादर ईगन मॉर्टरच्या माऱ्यात रस्ता ओलांडायला घाबरत होते तर याने छत्री उघडून धरली आणि म्हणाला काळजी नको, छत्री आहे. पुढे जखमी होऊन पकडला गेला, हॉस्पिटलमधून निसटला आणि ऑक्टोबरमध्ये ऑपरेशन पेगाससमधून लपून राहिलेल्या सव्वाशेच्या वर माणसांना ऱ्हाईन पार करून घेऊन गेला.

मुळामुठा

कोकणातल्या माणसाला हे ऐकवा, आषाढात छत्री उलटी होते म्हणून रडतात :)

शंकासुर

आता मूळ जखमेवर बोलूया का? अर्न्हेमला फ्रॉस्टला एकटं पाडलं कोणी? मला चार कारणं दिसतात आणि चारही वरची आहेत. ड्रॉप झोन (डीझेड, म्हणजे उतरायची जागा) पुलापासून दहा-बारा किलोमीटर लांब, कारण पुलाजवळ विमानविरोधी तोफा आहेत आणि जमीन दलदलीची आहे असं हवाई दलाचं म्हणणं. सगळी डिव्हिजन एका दिवसात न उतरवता तीन दिवसांत, म्हणजे पहिल्या दिवशी उतरलेल्यांतली निम्मी माणसं डीझेड राखत बसली. रेडिओ चालले नाहीत. आणि रणगाड्यांच्या वाटेतला, वाल नदीवरचा नाइमेखनचा पूल पहिल्याच दिवशी घ्यायला हवा होता तो २० तारखेच्या संध्याकाळी मिळाला.

फर्स्ट एअरबोर्न डिव्हिजनच्या दहा हजारांवर माणसांपैकी ऱ्हाईन पार करून परत आली जेमतेम २४००. याला शौर्य म्हणून गोंजारायचं का?

चाफा

पाचवं पण घ्या. ब्रायन उर्कहार्ट नावाचा गुप्तवार्ता अधिकारी होता, त्याने हवाई फोटो काढवून घेतले, अर्न्हेमच्या आसपास झाडीत रणगाडे दिसले. वरिष्ठांना दाखवले तर त्यालाच दमलाय म्हणून आजारी रजेवर पाठवलं. पुढे तोच माणूस संयुक्त राष्ट्रांत मोठ्या पदावर गेला आणि शांतिसेनेचं काम उभं केलं. नववी आणि दहावी एसएस पँझर डिव्हिजन तिथे विश्रांती घेत होत्या, आणि हे लोक गेले हलक्या शस्त्रांनिशी.

डेल्फ्टकर

नाइमेखनबद्दल इथेही लोक अजून भांडतात. गेविनच्या ८२व्या अमेरिकन डिव्हिजनने ग्रोसबेकची टेकडी आधी पकडली, पूल नंतर. त्यालाही कारण होतं, टेकडी गेली असती तर बाजू उघडी पडली असती. मग २० ला अमेरिकन पॅराट्रूपर भर दिवसा कापडी होड्यांतून वाल नदी पार करून गेले, ती धाडसाची कमाल आहे. संध्याकाळी ब्रिटिश रणगाडे पूल ओलांडून पलीकडे आले आणि थांबले. त्या रात्री फ्रॉस्टच्या माणसांकडे गोळ्याच उरल्या नव्हत्या.

आणि त्याच दिवशी दुपारी फ्रॉस्ट स्वतः मॉर्टरच्या माऱ्यात पायांना जखमी होऊन तळघरात गेला होता, कमान मेजर गॉफकडे. वर घर पेटलेलं, तळघरात जखमींची दाटी. शेवटी तात्पुरता युद्धविराम करून दोन्हीकडच्या माणसांनी मिळून जखमींना बाहेर काढलं आणि जर्मनांच्या ताब्यात दिलं. त्यात फ्रॉस्टही. बाहेर काढल्यावर काही वेळातच ते घर कोसळलं.

हे पण सांगायला हवं की किंमत डच लोकांनी मोजली. लढाई संपताच जर्मनांनी अख्खं अर्न्हेम शहर रिकामं करायला लावलं. लोक हातगाड्या घेऊन निघाले ते युद्ध संपेपर्यंत परत येऊ शकले नाहीत, घरं लुटली गेली. आणि मग तो उपासमारीचा हिवाळा, पश्चिम हॉलंडमध्ये वीस हजारांच्या आसपास माणसं मेली, ट्यूलिपचे कंद उकडून खाल्ले. तरीही दर सप्टेंबरला ऊस्टरबेकच्या दफनभूमीत शाळेतली मुलं प्रत्येक थडग्यावर फुलं ठेवतात.

मरून बेरे

आपल्याकडचा धागा इथे जोडतो कारण तो खरंच जोडलेला आहे. १९४१ ला दिल्लीत ५० वी इंडियन पॅराशूट ब्रिगेड उभी राहिली, तीन बटालियन, १५१ ब्रिटिश, १५२ इंडियन, १५३ गुरखा. त्यातली १५१ नंतर मध्यपूर्वेत गेली, नंबर बदलून १५६ झाली आणि अर्न्हेमला लढली. दिल्लीत जन्मलेली बटालियन ऊस्टरबेकच्या जंगलात संपली, तिचा कर्नल द व्हू तिथेच पडला. आणि पुलावर फ्रॉस्टच्याच बटालियनचा लेफ्टनंट ग्रेबर्न, ज्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, तो जन्मला कराचीजवळच्या मनोरा बेटावर. खांद्यात गोळी लागून सुद्धा तीन दिवस हटला नाही.

बाकीची ब्रिगेड मार्च १९४४ ला मणिपूरमध्ये सांगशाकला सापडली. तिथे तिच्या हाताखाली ४/५ मराठा लाइट इन्फन्ट्री होती, आपली माणसं. २२ ते २६ मार्च, एका उघड्या टेकडीवर चर्चच्या भोवती, खाली कातळ म्हणून खोल खंदक खणता येत नाही, काटेरी तार नाही, पाणी नाही, विमानातून टाकलेलं सामान बरंचसं जपान्यांच्या हद्दीत पडतंय. जागा शेवटी सोडावी लागली. पण त्या दिवसांत जपानी डिव्हिजनचा वेळ गेला आणि कोहिमा-इम्फाळला तयारी करायला सवड मिळाली. इतकी वर्षं सांगशाकला पराभव म्हणून बाजूला टाकलं. आडवाट, तुम्ही लिहिणार असाल तर हे पण घ्या.

आडवाट

घेतो, नक्की घेतो. ४/५ मराठाचं मला माहीत नव्हतं, आभारी आहे साहेब.

मुळामुठा

आणि टांगाइल? १९७१? तो पण पूलच ना?

मरून बेरे

तेच लिहायला घेतलं होतं. ११ डिसेंबर १९७१, संध्याकाळच्या आत आपली सेकंड पॅरा टांगाइलजवळ उतरली, काम पुंगलीचा पूल घ्यायचा आणि मैमनसिंगकडून ढाक्याला मागे हटणाऱ्या पाकिस्तानी ब्रिगेडची वाट अडवायची. नाव सारखं, सेकंड पॅरा, पण आपली सेकंड पॅरा म्हणजे मूळची थर्ड मराठा. कर्नल पन्नू, महावीर चक्र. पूल घेतला, रात्रभर हल्ले परतवले आणि दुसऱ्याच दिवशी उत्तरेकडून लिंकअपला आली कोण, तर फर्स्ट मराठा, जंगी पलटण. मराठ्यांना घ्यायला मराठेच आले.

फ्रॉस्टच्या माणसांत आणि पन्नूंच्या माणसांत हिमतीचा फरक मी करणार नाही. फरक होता तो लिंकअप वेळेवर आला याचा. पॅराला पुलावर टाकणं हे अर्धंच काम आहे, दुसरं अर्धं जमिनीवरून येणाऱ्या पायदळाचं.

शंकासुर

जबरदस्त. हे वाचून मी माझा प्रश्न बदलतो. फ्रॉस्टची खरी लढाई कोणती हे विचारण्यापेक्षा त्याच्या हातात काय होतं हे बघितलं तर ब्रुनेव्हालला योजना चांगली होती म्हणून ती यशस्वी. उदना आणि अर्न्हेम दोन्हीकडे योजना वाईट. मग तुलना या दोघांतच होऊ शकते, चाफाताई बाद :)

चाफा

बाद कशी? ब्रुनेव्हालची योजना सुद्धा कागदावर चांगली होती. चार्टेरिस नावाच्या अधिकाऱ्याची तुकडी दोन मैल लांब पडली आणि समुद्राकडच्या वाटेवर जर्मन मशीनगन तशीच राहिली. त्याच तुकडीने अंधारात पळत येऊन शेवटी ती वाट मोकळी केली. तिथेही बिघडलंच होतं, फक्त सुधारायला माणसं जवळ होती.

पलटणवाला

सगळं वाचलं, मनापासून आभार. डेल्फ्टकरांनी वाहो मोहम्मदचा जो मुद्दा काढला त्यावरून माझं म्हणणं अजून नीट मांडता येईल.

अर्न्हेमला निघताना फ्रॉस्टने आपल्या अर्दलीला सांगून ठेवलं होतं की मागून येणाऱ्या गाडीत माझा डिनर जॅकेट आणि गोल्फच्या काठ्या टाक. लोक हे हसण्यावारी नेतात. पण ज्या माणसाला उदनाला स्वतःच्याच सैन्याने वाऱ्यावर सोडलं होतं तो दोन वर्षांनी परत तशाच योजनेवर जाताना मागून गाडी येईल असं धरून चालतो. मला त्यात भोळेपणा दिसत नाही. खालच्या कमांडरला असं धरून चालावंच लागतं, नाहीतर माणसं पुढे पाऊल टाकणार नाहीत. आणि गाडी आली नाही तर काय करायचं हे त्याला उदनाने शिकवलं होतं. गोळ्या जपायच्या, घरं जोडून धरायची, जखमी तळघरात, आणि जर्मनांनी एका पकडलेल्या सार्जंटच्या हाती शरणागतीच्या बोलणीचा निरोप पाठवला तर साफ नकार.

उदनाला त्याच्यासमोर निवड होती. टेकडीवर बसून लढत संपायचं, की जखमींना सोडून उरलेल्यांना बाहेर काढायचं. अर्न्हेमला निवड नव्हती, पूल सोडला तर सगळी मोहीमच वाया. म्हणून निर्णयाचं ओझं उदनाला जास्त. मी माझ्या मतावर ठाम आहे.

डेल्फ्टकर

आणि मी माझ्या :) पण निवड नव्हती हे मान्य नाही. २० ला त्याच्याकडे गोळ्या नव्हत्या, जखमी अडीचशेच्या वर, तेव्हा शरण जाणं कोणीही समजून घेतलं असतं. ती निवडच होती. उदनाला माघार घेणं अवघड होतं, इथे न घेणं.

मरून बेरे

डेल्फ्टकर, तुमच्या या वाक्यावर मी विचार करतोय. माझं मत अजून उदनाकडेच आहे पण आता पूर्वीइतकं सोपं वाटत नाही.

मुळामुठा

नंतर काय झालं त्याचं? आणि मध्ये सिसिलीचं कोणीतरी लिहा ना, प्रिमोसोले पूल. तोही पूलच.

पलटणवाला

युद्धकैदी म्हणून जर्मनीत, मार्च १९४५ ला अमेरिकनांनी सोडवलं. डीएसओला बार, म्हणजे तेच पदक दुसऱ्यांदा, मिळाला. मेजर जनरल होऊन १९६८ ला निवृत्त, मग गुरं पाळून शेती केली, २१ मे १९९३ ला गेला.

प्रिमोसोले थोडक्यात. १३-१४ जुलै १९४३ ची रात्र. विमानांवर आपल्याच जहाजांनी गोळीबार केला, ब्रिगेड सगळीकडे पांगली. फ्रॉस्टचा पाय उतरतानाच दुखावला, तरी पुलाच्या दक्षिणेच्या टेकड्यांवर दीडशेच्या आत-बाहेर माणसं घेऊन तो पोचला. सकाळी जर्मन पॅराट्रूपर चालून आले, तेही नुकतेच त्याच भागात उतरलेले, म्हणजे दोन्हीकडे पॅरा. वाळलेलं गवत पेटलं, धूर, यांच्याकडे जड हत्यार एकही नाही. तेव्हा तोफखान्याच्या एका कॅप्टनचा रेडिओ समुद्रातल्या न्यूफाउंडलंड या क्रूझरशी लागला आणि तिच्या सहा इंची तोफांचे गोळे टेकडीच्या पुढच्या उतारावर पडायला लागले. जर्मन मागे सरले. त्या एका दिवशी रेडिओ लागला म्हणून टेकडी राहिली.